स्लरी विटेत चालते, पण किती चालते ते पाणी ठरवतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यात ग्रॅनाइट आणि मार्बल कापायचं छोटं युनिट आहे. कटरखालून निघणारी स्लरी, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेलं चिखलासारखं पाणी, मागच्या टाकीत बसते. टाकी भरली की जेसीबी लावून ती शेजारच्या पडीक जागेत टाकतात. आता ढीग कुंपणाला टेकलाय आणि उन्हाळ्यात त्याची पांढरी भुकटी शेजारच्या द्राक्षबागेवर बसते, म्हणून बागाईतदाराची तक्रार आलीय. गावचा वीटभट्टीवाला म्हणतो, ‘आण इकडं, मातीत मिसळू.’ राखेच्या विटा करणारा म्हणतो, ‘नको, माल बिघडतो.’ दोघांत खरं कोणाचं, किती टक्के टाकायची आणि स्वतःच विटांचं मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी निफाड तालुक्यात गेली एकोणीस वर्षं राखेच्या विटा करतो. राख एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली, डस्ट जवळच्या खडी क्रशरची. त्याआधी वडिलांची मातीच्या विटांची भट्टी होती, तिथं मी थापण्यापासून आवा रचण्यापर्यंत सगळं केलंय. मार्बल-ग्रॅनाइटची स्लरी नऊ-दहा वर्षांपासून वापरतोय. मध्ये दीड वर्ष ती पूर्ण बंद केली होती, त्याचं कारण पुढे येईल. द्राक्षावर भुकटी बसली की काय होतं ते निफाडकराला सांगायला नको, त्यामुळे तुमच्या शेजाऱ्याचं म्हणणं मला पहिल्या ओळीतच पटलं.

आधी हे सांगतो की भट्टीवाला आणि राखेच्या विटांवाला, दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. तुम्ही मात्र टक्के विचारताय आणि टक्के हा शेवटचा प्रश्न आहे. तुमच्या टाकीत जे बसतं त्याला तुम्ही एकच माल समजताय, प्रत्यक्षात त्यात तीन-चार निरनिराळे माल आहेत. दगड कोणता, तो कशाने कापला, पॉलिशचं पाणी त्याच टाकीत जातं का आणि स्लरी ओली उचलणार की वाळलेली, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोणी ‘दहा टक्के टाका’ म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. माझंही नको.

दगडाची भुकटी विटेत जाते ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक राखेच्या विटेत काळ्या दगडाची कच असतेच. खडी फोडताना क्रशरखाली जे बारीक उरतं, ज्याला आपण डस्ट म्हणतो, ते पूर्वी क्रशरवाल्याला डोकेदुखी होतं. आज त्याला ब्रासच्या भावाने पैसे मोजावे लागतात. मग काळ्या दगडाचा टाकाऊ माल चालतो, तर ग्रॅनाइट-मार्बलचा का अडतो? फरक कणांच्या आकारात आहे. डस्टमध्ये चार-पाच मिलिमीटरपासून अगदी बारीकपर्यंत सगळ्या मापांचे कण असतात, म्हणून ती वाळूसारखी वागते आणि विटेला सांगाडा देते. कटरची स्लरी पिठासारखी असते. वाळवून ७५ मायक्रॉनच्या चाळणीत टाकली, तर बहुतेक सगळी खाली जाते. पिठाचा सांगाडा होत नाही. ते डस्टच्या कणांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसतं.

यातली एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. दगडाची भुकटी बांधत नाही, ती भरते. बांधण्याचं काम सिमेंट करतं, आणि सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी राखेची हळूहळू क्रिया होऊन पुढची ताकद येते. स्लरी या दोन्हींपैकी कोणाचीही जागा घेऊ शकत नाही. ती घेईल तर डस्टमधल्या थोड्या भागाची.

इथे एक गैरसमज मला वारंवार भेटतो. ‘मार्बल म्हणजे चुनाच की, मग चुन्याऐवजी तीच टाकू.’ राख, चुना आणि जिप्सम यांची सिमेंटशिवायची वीट आपल्या देशात रुजवली ती विशाखापट्टणमच्या डॉ. एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी, फाल-जी या नावाने. पण त्या विटेत लागतो तो भाजून विरवलेला, जिवंत चुना. मार्बलची भुकटी म्हणजे न भाजलेला चुनखडक. तो राखेशी बोलतसुद्धा नाही. चुन्याऐवजी मार्बल टाकून केलेली वीट साच्यातून छान निघते आणि पंधरा दिवसांनी नखाने उकरते. नगर जिल्ह्यातल्या एका नवख्या कारखानदाराच्या अंगणात असल्या विटांचा अख्खा थर मी स्वतः उकरून बघितलाय.

आता तुमच्या टाकीत काय आहे ते ओळखू. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चार ठिकाणची चमचाभर भुकटी वाळवा आणि बशीत ठेवून तिच्यावर फरशी साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाका, तोंड लांब ठेवून. फसफसून फेस आला तर मार्बल किंवा कोटा-शहाबादीसारखा चुनखडक. अगदी सावकाश, मंद बुडबुडे आले तर डोलोमाइटी मार्बल असण्याची शक्यता जास्त. काहीच झालं नाही तर ग्रॅनाइट. मग एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या भुकटीतून फिरवा. पिशवीला काळी दाढी आली तर त्यात लोखंड आहे. मोठ्या ग्रॅनाइट कारखान्यांत गँगसॉवर, म्हणजे अनेक पात्यांच्या मोठ्या करवतीवर, पोलादाचे बारीक दाणे आणि चुना सोडून ब्लॉक चिरतात, तिथल्या स्लरीत हे लोखंड येतं आणि विटेवर पुढे तांबूस डाग उठतात. तुमच्याकडे तयार स्लॅब आणून डायमंडच्या पात्याने नुसतं मापात कापत असाल, तर चुंबकाला फारसं काही लागणार नाही. तरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पॉलिशच्या पाण्याबद्दल मी जरा कडक आहे. स्लॅबच्या भेगा भरायला वापरलेलं रेझिन घासलं जातं ते या पाण्यात उतरतं, शिवाय चकाकीसाठी लावलेली पावडर असते. हे सगळं कापण्याच्या स्लरीत मिसळू देऊ नका. त्याला वेगळी टाकी करा, छोटी असली तरी चालेल. स्लरी लवकर बसावी म्हणून टाकीत काही पावडर किंवा द्रावण टाकत असाल, तर तेही वीटवाल्याला सांगा. त्याने कण एकमेकांना धरून बसतात आणि नंतर सुटता सुटत नाहीत. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

भट्टीवाल्याकडे वळू. मातीच्या विटेचा जुना वैरी म्हणजे चुनखडी, हे कुठलाही थापणारा सांगेल. आमच्या काळ्या-करड्या मातीत चुनखडीचे खडे असायचे. वडील गाऱ्यात हात घालून ते वेचायचे आणि एखादा हाताला लागला की थापणाऱ्याला हाक मारून दाखवायचे. असा हरभऱ्याएवढा खडा विटेत राहिला, तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. वीट बाहेर आली, हवेतली ओल लागली की तो फुगतो आणि विटेचा पापुद्रा उडवतो. पहिल्या पावसानंतर भिंतीवर दिसणारे वाटीसारखे खड्डे त्याचेच. मार्बलची भुकटी ही रासायनिकदृष्ट्या तीच चुनखडी आहे. मग भट्टीवाला ‘आण’ का म्हणतो? कारण पिठासारख्या बारीक चुनखडीचा स्फोट होत नाही. ती भाजताना मातीशी एकजीव होते. गाठ राहिली तर मात्र तो खडाच झाला.

दुसरी गोष्ट वजनाची. शुद्ध मार्बलची १०० किलो भुकटी पूर्ण भाजली गेली तर ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो वायू होऊन निघून जातो. म्हणजे मातीत २० टक्के मार्बल टाकलं, तर विटेचा जवळजवळ नऊ टक्के भाग धुराड्यातून जाणार आणि मागे तेवढी भोकं राहणार. वीट हलकी होईल, पाणी जास्त पिईल, ताकद उतरेल. म्हणून भट्टीत मार्बल चार-पाच टक्क्यांच्या वर मी जाऊ देणार नाही, आणि तेही गाऱ्यात पातळ करून मिसळलं तरच.

ग्रॅनाइटचं उलट आहे. त्यातलं फेल्डस्पार हे खनिज वितळून विटेला घट्टपणा देतं असं तुम्ही कुठे वाचलं असेल, ते टाइल्सच्या भट्टीत खरं. त्याला हजार अंशांच्या बरंच वर तापमान लागतं. आपल्या गावठी आव्यात साधारण ८५० ते ९५० अंश मिळतात, तिथे ग्रॅनाइटची भुकटी नुसती पडून राहते. पण हे पडून राहणंसुद्धा कधी कामाचं असतं. माती चिकट काळी असेल, वाळताना विटेला भेगा जात असतील, तर न फुगणारी-न आकसणारी भुकटी मिसळल्याने आकसणं कमी होतं. वडील त्यासाठी राख आणि तूस घालायचे. तुमच्याकडची नदीकाठची गाळाची माती आधीच वाळूसर असेल, तर ग्रॅनाइट घालून ती आणखी भुसभुशीत होईल आणि थापलेली वीट साच्यातून काढताना कोपरे तुटतील. थोडक्यात, भट्टीवाल्याचं ‘आण’ हे त्याची माती बघून ठरेल. माती चिकट असेल तर ग्रॅनाइट दहा टक्क्यांपर्यंत करून बघायला हरकत नाही. चिकट नसेल तर त्याला नको म्हणा, तो तुमचा ढीग फक्त स्वतःच्या आवारात हलवेल.

आता राखेची वीट. तुमच्या स्लरीची खरी जागा ही आहे असं माझं ठाम मत आहे. इथे भाजणं नाही, त्यामुळे मार्बल आणि ग्रॅनाइट दोन्ही चालतात. मार्बलची अगदी बारीक भुकटी तर थोडी मदतच करते. सिमेंट गोठायला लागतं तेव्हा त्याच्या नव्या स्फटिकांना या बारीक कणांवर बसायला जागा मिळते आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस वीट लवकर कडक होते. युरोपात तर ६ ते ३५ टक्के चुनखडीची भुकटी घातलेलं सिमेंट प्रमाणित करून विकतात. आमच्याकडे निफाडच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत राखेची वीट कडक व्हायला फार वेळ घेते. त्या दिवसांत पॅलेटवरून विटा उचलताना कडा तुटणं स्लरीमुळे कमी झालेलं मी पाहिलंय.

मग मी दीड वर्ष बंद का केली? पहिल्या वर्षी एका कटिंग युनिटच्या ढिगातून वाळलेली स्लरी आणली. बायका फावड्याच्या पाठीने ढेकळं फोडायच्या आणि आम्ही ती दहा टक्के टाकायचो. विटा देखण्या निघाल्या. कडा धारदार, रंग उजळ. मला वाटलं, सापडलं. दीड-दोन महिन्यांनी एका घराच्या बांधकामावरून गवंड्याचा फोन आला, ‘शेठ, येऊन बघा.’ गेलो. त्याने काही न बोलता एक वीट हातात धरली आणि थापीच्या धारेने मधोमध तोडली. आत करड्या मालात शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी होत्या, सहा-सात तरी. त्याने अंगठा दाबला तर एक गाठ खडूसारखी चुरली. दुसरी वीट तोडली, तीच तऱ्हा. खिडकीच्या तळापर्यंत भिंत आली होती. तेवढी भिंत माझ्या खर्चाने उतरवली, उरलेला ट्रक परत आणला आणि घरमालकाला दुसऱ्या तुकडीच्या विटा दिल्या. त्या गवंड्याने फोन केला नसता, तर त्यावर गिलावा चढला असता आणि मला कधीच कळलं नसतं.

चूक स्लरीची नव्हती. वाळलेलं ढेकूळ वरून फुटलेलं दिसतं, पण त्याच्या आत छोट्या गाठी घट्ट राहतात. पॅन मिक्सरचा रोलर कडक खडा चिरडतो, पण अर्धवट भिजलेली गाठ फक्त चपटी करतो. तिच्या आत सिमेंट जातच नाही. म्हणजे विटेत जागोजागी न बांधलेल्या पिठाचे कप्पे राहतात. तुमच्याकडचा राखेच्या विटांवाला ‘माल बिघडतो’ म्हणतो ते बहुधा यावरूनच, किंवा त्याचा माल साच्याला चिकटला असेल. ते दुसरं कारण पाण्याचं आहे.

दीड वर्षांनी पुन्हा सुरू केलं तेव्हा मी पद्धत उलटी केली. स्लरी वाळवून फोडायची नाही. ती ओलीच, टाकीतून उचलायची, पिंपात ढवळून रबडीसारखी करायची आणि मिक्सरला जे पाणी द्यायचं त्याच्याऐवजी ही रबडी सोडायची. गाठी होतच नाहीत, कारण ती कधी वाळतच नाही. भुकटी उडत नाही. शिवाय तेवढं पाणी वाचतं. पण लगेच लक्षात आलं की आता टक्के मी ठरवत नाही, पाणी ठरवतं.

हिशोब करून दाखवतो. माझी वीट २३० × १०० × ७५ मिलिमीटरची, वजन तीन किलोच्या आसपास. हजार विटा म्हणजे तीन टन माल. विटा दाबून काढणाऱ्या प्रेसला हा माल कसा हवा? मुठीत दाबला की लाडू व्हावा, मूठ उघडल्यावर फुटू नये, आणि तळहात ओला होऊ नये. त्यासाठी हजार विटांना मला २५० ते ३०० लिटर पाणी लागतं. त्याच्या वर गेलं की माल साच्याला चिकटतो, वीट बाहेर येताना पोट काढते आणि ताकद पडते.

आता स्लरीत पाणी किती ते कसं कळणार? लिटरचं माप काठोकाठ भरा, तोला, मापाचं वजन वजा करा. नुसतं पाणी असतं तर एक किलो भरलं असतं. जेवढं जास्त भरेल त्याला १.६ ने गुणा, तेवढे किलो कोरडी भुकटी त्या लिटरमध्ये आहे. ग्रॅनाइट आणि मार्बल पाण्याच्या २.६ ते २.७ पट जड असल्याने हा आकडा येतो. समजा लिटर १.४ किलो भरली. म्हणजे भुकटी ०.६४ किलो आणि पाणी ०.७६ किलो.

हजार विटांत पाच टक्के म्हणजे १५० किलो भुकटी टाकायची तर अशी २३४ लिटर स्लरी लागेल आणि तिच्याबरोबर १७८ लिटर पाणी येईल. बसतं. दहा टक्के टाकायची तर ४६९ लिटर स्लरी आणि ३५६ लिटर पाणी. बसत नाही, मिक्सरमध्ये चिखल होईल. दहा टक्के हवेच असतील तर स्लरी आणखी घट्ट बसू द्यावी लागेल. लिटर १.६ किलो भरली, तर त्याच ३०० किलो भुकटीबरोबर २०० लिटर पाणी येतं, मग जमतं. पण १.६ ची स्लरी ढवळायला जड जाते, साध्या मडपंपाने चढत नाही, बादलीने ओतावी लागते.

यात पावसाळा धरायचा राहिला. माझ्या हजार विटांत डस्ट अकराशे किलोच्या आसपास असते. उघड्यावरच्या ढिगात आठ टक्के ओल असली तर ८८ लिटर पाणी डस्टनेच आणलं. मग स्लरीसाठी उरलं किती? जूनपासून मी स्लरी तीन टक्क्यांवर आणतो आणि सलग पाऊस लागला की बंद करतो. डस्टवर शेड असेल तर एवढं करावं लागणार नाही, हे ज्याच्या त्याच्या आवारावर आहे.

माझं प्रमाण सांगतो, पण ते माझ्या राखेचं आणि माझ्या डस्टचं आहे हे लक्षात ठेवा. स्लरीआधी राख ५२, डस्ट ४० आणि सिमेंट ८ टक्के असायचं. आता राख ५०, डस्ट ३७, सिमेंट ८ आणि स्लरी ५. बघा, सिमेंटला हात लावलेला नाही. वीट उजळ आणि गुळगुळीत दिसायला लागली की सिमेंट अर्धा टक्का कमी करायचा मोह होतो. करू नका. पीठ जितकं जास्त तितकं ओलं करायला पृष्ठभाग जास्त, आणि त्या सगळ्याला तेवढंच सिमेंट पुरवायचं असतं. क्रशरची डस्ट आधीच पिठूळ असेल, म्हणजे हातात घेतल्यावर बोटांना पावडर लागत असेल, तर स्लरी तीन टक्के पण जास्त होईल. डस्ट खरखरीत, धुतलेली असेल तर सात-आठपर्यंत जाता येईल, कारण तिला पोकळ्या भरायला पीठच हवं असतं.

विटा निघाल्या की निदान दहा दिवस पाणी मारा, मी चौदा मारतो. तपासणी २८ दिवसांनी, आयएस ३४९५ या विटा तपासायच्या भारतीय मानकाच्या पद्धतीने. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा सरकारमान्य लॅबमध्ये पाच विटा द्या. त्या विटा भिजवून, खाच भरून, ओल्या ठेवून मगच दाबतात, हे विचारून खात्री करा. कोरडी वीट दाबून आलेला आकडा फसवा असतो. चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटनच्या वर्गात वीट बसवायची तर माझ्या मापाच्या विटेने सुमारे ८ टन भार पेलायला हवा, ७.५ न्यूटनसाठी साडेसतरा टनांच्या आसपास. पाणी पिण्याची मर्यादा या वर्गांच्या विटेला वजनाच्या २० टक्के. स्लरीशिवायच्या तुमच्याच पाच विटा त्याच दिवशी, त्याच लॅबला द्या. एकट्या स्लरीच्या विटेचा आकडा काही सांगत नाही, जोडीचा सांगतो.

लोणा येतो का ते घरीच कळतं. ताटात बोटाच्या पेराएवढं पाणी घ्या, इन्व्हर्टरसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी. त्यात वीट उभी करा, पाणी आटू द्या, पुन्हा तेवढंच घाला आणि आटू द्या. विटेवर पांढरी बुरशीसारखी झाक आली तर क्षार आहेत. मार्बलची भुकटी स्वतः पाण्यात विरघळून असा लोणा काढत नाही, त्यामुळे झाक दिसली तर संशय पाण्यावर, राखेवर किंवा टाकीत टाकलेल्या औषधावर घ्या.

मशीनचा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे, निदान स्लरी संपवायसाठी तरी. दिवसाला दहा हजार विटा काढणारा कारखाना ३० टन माल वापरतो. त्यात पाच टक्के म्हणजे दीड टन कोरडी भुकटी रोज. दोन-तीन कटरच्या युनिटमधून रोज तेवढी निघणं अवघड आहे. म्हणजे तुमचा सगळा रोजचा माल एकच चालता कारखाना पचवू शकतो. तुम्ही मशीन घेतलंत तर स्लरी पाच टक्के तुमची आणि पंच्याण्णव टक्के राख, डस्ट, सिमेंट विकत आणणारा नवा धंदा, मजूर आणि उधारी. त्या धंद्यात पडायचं असेल तर विटांसाठी पडा. त्यापेक्षा पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतला राखेच्या विटांवाला गाठा. ओल्या स्लरीत जवळजवळ निम्मं किंवा जास्तच पाणी असतं, लांब नेली तर तुम्ही डिझेल जाळून पाणी वाहताय. पहिले दोन महिने वाहतूक तुम्ही करा, त्याच्या आवारात पिंप आणि ढवळणी बसवून द्या. एवढ्यावर माझ्या ओळखीचे दोन जण राजी झाले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयात दोघांनी मिळून एकदा जाऊन यावं आणि माल कुठून कुठे जातो याची नोंदवही ठेवावी. शेजाऱ्याची तक्रार लेखी असेल तर ती वही उपयोगाला येईल.

जुन्या ढिगाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा त्रास तोच आहे. तो आता वाळलेला आहे आणि वाळलेला माल विटेत घालताना माझं काय झालं ते सांगितलं. तो वापरायचा तर पुन्हा भिजवावा लागेल. खड्ड्यात पाणी सोडून आठवडाभर मुरू द्या, मग ढवळून तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळून घ्या. कामाला वेळ लागतो, पण होतं. जाळीवर उरेल ते भरावात टाका. वाऱ्याच्या दिवसांत उरलेल्या ढिगावर ताडपत्री किंवा निदान सकाळ-दुपार पाणी, एवढं उद्यापासून करा.

आणि हा ढीग कोरडा असताना कोणालाही फावड्याने फोडायला लावू नका. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते, तिची बारीक भुकटी छातीत जाऊन बसते ती निघत नाही. या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस नावाच्या छातीच्या रोगाने राजस्थानात खाणकामगारांची इतकी घरं बसली की तिथल्या सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणावं लागलं. पहिल्या वर्षी माझ्याकडे ज्या बायकांनी ढेकळं फोडली, त्यांनी नाकाला फक्त पदर लावला होता. ते मला आजही बोचतं. ओली पद्धत मी विटेच्या गाठींसाठी धरली, पण आता या छातीत जाणाऱ्या भुकटीसाठी ती सोडणार नाही.

सुरुवात अशी करा. या आठवड्यात पॉलिशचं पाणी वेगळं काढा आणि कापण्याच्या टाकीतली स्लरी दोन दिवस न हलवता बसू द्या. वरचं निवळ पाणी कटरला परत द्या. तळाच्या मालाचं लिटरचं वजन घ्या, अ‍ॅसिड आणि चुंबकाचे निकाल लिहून ठेवा आणि वीटवाल्याकडे जाताना तो कागद व एक झाकणाची बादली भरून स्लरी बरोबर न्या. त्याला हजार विटांचा घाणा करायला लावू नका. शंभर विटांचाच काढा : १५ किलो भुकटी, म्हणजे १.४ च्या स्लरीचे २३ ते २४ लिटर. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या तीन विटा थापीने तोडा आणि आतला रंग उन्हात धरून बघा. एक जरी पांढरा ठिपका दिसला, तर टक्क्यांना हात लावू नका, ढवळणी अजून दहा मिनिटं चालू द्या आणि पुन्हा शंभर काढा.